चौसष्ट अक्षरं

वर्गाला येणाऱ्या माणसांना मी पहिल्या दिवशी सांगते की घाबरायचं नाही. तरी फळ्यावर ती लांबलचक ओळ लिहिली की निम्मे लोक चष्मा काढून पुसायला लागतात. चौसष्ट अक्षरं असतात. शून्य ते नऊ हे आकडे आणि ए ते एफ एवढीच इंग्रजी अक्षरं, कशीही उलटसुलट. तुम्ही क्रिप्टोतलं नाणं कोणाला पाठवलंत की त्या व्यवहाराला असा एक ओळखक्रमांक मिळतो. त्याला ट्रान्झॅक्शन आयडी म्हणतात. आम्ही वर्गात नुसतं आयडी म्हणतो.

"म्हणजे हा पासवर्ड?" असं कोणीतरी विचारतंच. पासवर्ड नाही. ज्याला पाठवलं त्याचा पत्ताही नाही. एका सुतारकाकांनी पत्त्याच्या चौकटीत जुना आयडी चिकटवला आणि पुढे काही जाईना म्हणून फोनला शिव्या घातल्या. मी म्हटलं, "काका, पाकिटावर पत्त्याच्या जागी पावतीचा नंबर लिहिलात तर पोस्टमन बिचारा काय करणार?" वर्ग हसला, काकाही हसले, आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा तेच केलं.

आमचा वर्ग सायकलच्या दुकानाच्या वर भरतो. खाली टायर बदलत असतात, त्यामुळे खोलीला कायम रबराचा वास. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक फळा, एक पडदा. तिथे मी सकाळी दोन तास हेच समजावते: कोणी पाठवलं, कोणाला, किती, त्याआधी ते नाणं कुठून आलं होतं, हे सगळं एकत्र घुसळून आयडी निघतो. एक टिंब इकडचं तिकडे झालं तरी आख्खा आयडी बदलतो. म्हणून व्यवहार तयार होण्याआधी त्याचा आयडी जगात कोणालाच माहीत नसतो. मूल जन्मायच्या आधी त्याच्या अंगठ्याचा ठसा कोण घेणार? आणि एकदा व्यवहार नोंदला गेला की तो पुसता येत नाही. एक उघडी वेबसाइट आहे, तिथे आयडी टाकला की कोणालाही तो दिसतो.

मी हा उद्योग शिकले माझ्या दादाकडून. तो समुद्राखालून केबल टाकणाऱ्या जहाजावर तंत्रज्ञ होता. एका सकाळी हजेरीला तो डेकवर आला नाही. कंपनीने शोध घेतला, मग पत्र पाठवलं, त्यात 'समुद्राने नेलं असावं' अशा अर्थाचं बरंच काही होतं. शरीर मिळालं नाही. मागे राहिली वहिनी, राहिले बाबा आणि मी, आणि राहिला दादाचा एक पत्ता. घराचा नव्हे, वॉलेटचा. त्यात थोडीशी नाणी होती. ती हलवायला खाजगी किल्ली, म्हणजे मालकाचा गुप्त परवलीचा शब्द लागतो, आणि दादाची किल्ली फक्त त्याच्या डोक्यात होती. "लिहून ठेवली की चोरीला जाते," म्हणायचा. त्यामुळे त्या पत्त्यावरून एक नाणं जरी हललं, तरी दादा कुठेतरी जिवंत आहे असं आम्ही दोघींनी मनाशी धरलं होतं. मी रोज सकाळी चहा उकळेपर्यंत तो पत्ता बघून घ्यायचे. काही हललेलं नसायचं.

वहिनी आता माहेरी असते, औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. डॉक्टरांच्या अक्षरातले किडे-मुंग्या वाचणारी बाई, एकेका अक्षराला जपणारी. मी वर्ग सुरू केल्यावर ती स्वतःहून पहिल्या रांगेत येऊन बसली. "वन्सं, मलाही शिकवा," म्हणाली. मला चिडवायला सुरू केलेलं वन्सं आणि अहोजाहो आता तिच्या तोंडी बसलंय. "रोज तुम्हाला विचारायला नको. माझं मी बघेन." तिने सरावासाठी स्वतःचं वॉलेटही उघडलं. रिकामंच. तिचा पत्ता मी आणि ती सोडून कोणी पाहिला नव्हता.

त्याच सुमारास वकिलांचे कागद आले. दादाला मृत घोषित करण्याचा अर्ज होता तो. वहिनीने सही केली की शोधाची फाइल कायमची बंद होणार होती. तिची आई मागे लागली होती, वकील मागे लागले होते, आणि वहिनी आज-उद्या करत होती. शेवटी वकिलांनी सोमवार दिला. सोमवारी सही नाही झाली तर ते काम सोडणार होते.

"मी सही केली म्हणजे मीच त्याला मारलं," ती मला म्हणाली. मलाही तिने सही करायला नको होती.

आता बाबांचं सांगते. बाबांना झटका येऊन गेला तेव्हापासून त्यांची वाचा गेली. दिवसभर ते बाहेरच्या खोलीत सोफ्याच्या उजव्या टोकाला बसलेले असतात, पायांवर शाल, समोर खिडकी. दुपारी एक स्पीचवाल्या बाई येतात, वाचा सुधारायचे व्यायाम घेतात. धिप्पाड, हसऱ्या, पिशवीत चित्रांचे पत्ते. त्यांनी पहिल्याच दिवशी मला नीट सांगितलं होतं. बाबांना स्वतःहून एक शब्द काढता येत नाही, तहान लागली तरी 'पाणी' म्हणता येत नाही. पण त्यांच्यासमोर कोणी 'पाणी' म्हटलं तर ते लगेच मागून 'पाणी' म्हणतात. सुरासकट. प्रश्न विचारला तर प्रश्नच परत येतो.

"डोक्यातला एक रस्ता खचलाय, दुसरा शाबूत आहे," बाई म्हणाल्या. "कानातून आलेलं तोंडातून जातं. मनातलं मात्र बाहेर येत नाही."

आमच्या घरात त्यावरून एक खेळ सुरू झाला होता. मी विचारायचे, "बाबा, चहा?" ते म्हणायचे, "चहा?" मग मी, "हो, टाका ना माझ्यासाठीपण." बाबांचे डोळे हसायचे. तेवढंच आम्हाला पुरायचं.

तर एका दुपारी मी वर्ग आटोपून आले तेव्हा बाई दारातच चपला घालत थांबल्या होत्या.

"तुमचे वडील एबीसीडी म्हणायला लागलेत."

"अरे वा! तुम्ही शिकवलीत?"

"मी नाही शिकवली. तेच म्हणतात, मधे मधे आकडे घालून. आणि एफच्या पुढे जात नाहीत. मी समोर जी म्हटलं तर जी म्हणतात. पण त्यांचं त्यांचं चालू असतं तेव्हा एफवर गाडी संपली."

"त्यांचं त्यांचं म्हणजे? स्वतःहून बोलतात? ही तर सुधारणा झाली."

बाई हसल्या नाहीत. "सुधारणा असती तर आधी तुम्हाला हाक मारली असती. हे सुधारल्यासारखं नाहीये. हे मागून म्हटल्यासारखं आहे. फक्त कोणाच्या मागून, ते मला कळत नाहीये."

मी आत गेले. बाबा नेहमीच्या जागी होते. मान किंचित डावीकडे कललेली, फोनवर आवाज नीट येत नसला की माणूस करतो तशी. ओठ हलत होते. "चार. सी. शून्य. नऊ. ई. ई." प्रत्येक अक्षरानंतर छोटा थांबा, मग पुढचं अक्षर. मी समोर बसून ऐकत राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते मला अगदी लागू पडतं. रोज सकाळी फळ्यावर जे लिहिते तेच माझे वडील बोलतायत, हे कळायला मला तिथे बराच वेळ लागला. मग मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. ते थांबले तेव्हा मी थंड चहाचा कप त्यांच्या हातात दिला, दुसऱ्या खोलीत जाऊन रेकॉर्डिंग उतरवलं, अक्षरं मोजली. पहिली काही हुकली होती. दुसऱ्या दिवशी सुरुवातीपासून पकडलं. चौसष्ट भरली.

वेबसाइटवर टाकून पाहिलं. सापडलं नाही.

सापडणार नव्हतंच. मनाला येतील ती चौसष्ट अक्षरं जुळवलीत तर तो आयडी खऱ्या व्यवहाराचा निघण्याची शक्यता जवळजवळ शून्य असते, हे मीच वर्गात सांगते. दादा जहाजावरून आला की बाबांच्या शेजारी बसून त्यांना हे सगळं समजावायचा, तेच कुठेतरी डोक्यात अडकलं असेल, असं म्हणून मी विषय सोडला. म्हणजे सोडल्यासारखं केलं. खोड वाईट असते. पुढे एका सकाळी वर्गात मला 'न सापडणारा आयडी कसा दिसतो' ते दाखवायचं होतं, म्हणून मी बाबांची ती ओळ पडद्यावर टाकली.

सापडली.

कोणीतरी कोणालातरी काहीतरी पाठवलं होतं. अनोळखी पत्ते, किरकोळ रक्कम. नोंदीची तारीख मी पूर्ण ओळ रेकॉर्ड केली त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती.

"बाई, सापडला की," सुतारकाका म्हणाले. "तुम्ही तर म्हणालात नाही सापडणार."

"चुकून दुसरा टाकला," मी म्हटलं आणि पडदा बंद केला.

मी अंधश्रद्धाळू नाही. हात दाखवून अवलक्षण करून घेणारीही नाही, त्यामुळे लगेच कोणाला काही सांगितलं नाही. आधी स्वतःशी वाद घातला. व्यवहार आधी तयार करून, न पाठवता, नुसता जपून ठेवता येतो, मग त्याचा आयडी आधी कळू शकतो. पण या व्यवहारात खर्च झालेलं नाणं पाठवणाऱ्याकडे आलंच होतं नोंदीच्या दिवशी सकाळी. बाबा ती अक्षरं बोलले तेव्हा ते नाणं दुसऱ्याच कोणाकडे होतं. ज्या विटा अजून भाजल्याच नाहीत त्यांचं घर बांधून ठेवता येत नाही.

मग माझा संशय बाबा कमी ऐकू येतं म्हणून कानात लावतात त्या मशीनवर गेला. ते मशीन फोनला बिनतारी जोडता येतं. शेजारच्या कोणाचा आवाज त्यात घुसत असेल. मशीन काढून स्वयंपाकघरात डब्यात ठेवलं. बाबा बोलतच राहिले.

स्पीचवाल्या बाई माझ्याइतक्याच हट्टी निघाल्या. रस्ता फोडणारे कामगार लावतात तसले कान झाकायचे जाड मफ त्या कुठूनतरी घेऊन आल्या. बाबा भर रंगात असताना त्यांनी ते हळूच त्यांच्या कानांवर चढवले. बाबा गप्प झाले. तोंड अर्धं उघडं, भुवया वर, कोणाचं तरी बोलणं तुटल्यावर होतो तसा चेहरा. थोड्या वेळाने बाईंनी मफ काढले. बाबांनी पुन्हा सुरुवात केली. मग त्यांनी नुसता उजवा कान झाकून पाहिला. काही फरक नाही. नुसता डावा झाकला. बाबा थांबले.

"म्हणजे खरंच ऐकतायत," बाई पुटपुटल्या.

कान झाकले तेव्हाचा आयडी मधे तुटका होता. तुटका आयडी वेबसाइटवर शोधता येत नाही, म्हणून मी रोजच्या व्यवहारांच्या याद्या उतरवून घ्यायला लागले आणि सुरुवातीची अक्षरं कुठे जुळतात ते बघत राहिले. जुळली. शेवटची अक्षरंही जुळली. आणि मधली जी गळली होती ती बरोबर तितकीच होती, जितकी बाबांच्या संथ चालीने कान झाकलेल्या वेळात बसली असती. आम्ही कान झाकले म्हणून सांगणारा थांबला नव्हता.

मला भीती वाटत होती म्हणाल तर खोटं कशाला सांगू, तेव्हा नव्हती वाटत. कुतूहलाने मी झपाटले होते. वर्गात माझं लक्ष लागेना. एकदा मी गुडघ्यावर बसून माझा कान बाबांच्या डाव्या कानाला जवळजवळ टेकवला. फ्रिजची घरघर ऐकू आली. खाली रस्ता झाडणाऱ्याचा झाडू. बाबांच्या डोक्याच्या तेलाचा वास. बाकी काही नाही. मग बाबा म्हणाले, "सात," आणि मला एकदम असं वाटलं की दोन माणसं बोलत असताना मी मधे डोकं घातलंय. मी पटकन मागे झाले.

हे सगळं वहिनीला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण स्पीचवाल्या बाई तिच्या दुकानातून औषधं घेतात, आणि त्यांच्या पोटात तीळ भिजत नाही. सोमवार तोंडावर आलेला असताना वहिनी दुपारची सुट्टी टाकून आमच्या घरी आली. चप्पलही नीट काढली नाही. सोफ्यावर बाबांच्या शेजारी, डाव्या बाजूला बसली.

"मला विचारू द्या त्यांना."

"वहिनी, ते उत्तर देत नाहीत. जे ऐकतात तेच बोलतात."

"माहितीये मला." ती बाबांकडे वळली. "बाबा, तुमच्या मुलाचा आहे का काही निरोप?"

"बाबा, तुमच्या मुलाचा आहे का काही निरोप?" बाबा म्हणाले. अगदी तिच्या सुरात, शेवटी आवाज जरा चिरकला तोही तसाच.

वहिनी हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मीही तोंड फिरवलं. आम्ही दोघी तशाच बसून होतो तेव्हा बाबांची मान डावीकडे कलली.

"बी. शून्य. तीन. तीन. एफ."

वहिनीने लिहून घेतलं. मी रेकॉर्ड केलं. औषधाच्या नावातलं एक अक्षर चुकलं तर माणूस जातो अशा धंद्यातली बाई ती, तिची चूक होण्याचा प्रश्नच नव्हता. चौसष्ट पूर्ण झाल्यावर तिने स्वतःच फोनवर टाकलं. सापडलं नाही.

"नाही म्हणजे नाहीच?"

"म्हणजे अजून नाही. बाकीचेही आधी नव्हतेच सापडत."

"आणि हा त्याचाच कशावरून?"

"कशावरूनच नाही," मी म्हटलं. तेवढं तरी मी खरं बोलले.

ती गेली. मी बाबांना विचारलं, "कोण सांगतंय तुम्हाला?" बाबांनी मला तेच विचारलं.

रविवारी वहिनीचं दुकान अर्धा दिवस उघडं असतं. दुपारी जेवणाच्या सुमाराला तिचा फोन आला. आवाज इतका शांत होता की मला आधी वाटलं काहीतरी बिघडलंय.

"वन्सं, आला."

"कोण?"

"आयडी. त्याच्या पत्त्यावरून निघालाय. मी दोनदा ताडून पाहिलं. सगळं निघालंय, काही शिल्लक नाही." मग ती थांबली. "आणि जिथे गेलंय तो पत्ता ओळखीचा वाटतोय."

मी धावत गेले. दुकानाच्या मागच्या खोलीत खोक्यांच्या थप्पीवर फोन ठेवून ती उभी होती. दादाचा पत्ता मला पाठ आहे, तो बरोबर होता. दुसरा पत्ता मी एकदाच पाहिला होता, आमच्या वर्गात, तिच्याच फोनवर. तो तिचा होता.

वहिनी माझ्याकडे बघत होती. "तुम्ही तर नाही ना केलंत? मला बरं वाटावं म्हणून?"

"माझ्याकडे त्याची किल्ली असती तर मी रोज सकाळी तो पत्ता कशाला बघत बसले असते?"

"माझा पत्ता फक्त तुम्हाला माहीत होता."

"हो," मी म्हटलं. "आणि मी कोणाला सांगितला नाही."

तिने माझा चेहरा निरखला. मग तिचा विश्वास बसला. म्हणजे मी केलं नसेल तर मानायला एकच गोष्ट उरली होती, आणि ती तिने दोन्ही हातांनी धरली. ती हसायला लागली. मला मिठी मारली. काउंटरवर खोकल्याचं औषध मागणारा माणूस ताटकळत उभा होता, त्याला म्हणाली, "थांबा हो जरा, माझा नवरा आलाय." तो बिचारा इकडे तिकडे बघायला लागला.

मीही रडले, त्या खोक्यांमधे बसून, पोटभर. माझा दादा होता तो. मला तो हवा होता.

पण वर्गात शेवटच्या दिवशी मी एक वाक्य फळ्यावर लिहिते, आणि ते मला तिथे बसल्या बसल्या आठवत होतं. आयडीवरून एवढंच कळतं की किल्ली वापरली गेली. कोणाच्या हाताने वापरली, ते कळत नाही. ते वाक्य वहिनीला शिकवायचं अजून राहिलं होतं. मी ते तिथे उच्चारलं नाही. आणखी एक गोष्ट बोलले नाही. दादाने जाण्याआधी हा व्यवहार तयार करून ठेवला असेल म्हणावं, तर तो गेला तेव्हा वहिनीचा हा पत्ता अस्तित्वातच नव्हता.

वहिनीने तिथूनच वकिलांना फोन लावला आणि सही करणार नाही म्हणून ठणकावून सांगितलं.

सोमवारी दुपारी ती ते कागद घेऊन आमच्याकडे आली. फाडायचे ते बाबांच्या समोर फाडायचे, असं तिच्या मनात होतं. छान साडी नेसली होती. ऊन खिडकीतून सोफ्याच्या पायापर्यंत आलं होतं. स्पीचवाल्या बाई त्या दिवशी येणार नव्हत्या. घरात आम्ही तिघंच होतो.

वहिनी बाबांच्या डाव्या बाजूला अगदी चिकटून बसली आणि त्यांचा हात हातात घेतला. "तो आहे, बाबा."

"तो आहे, बाबा," बाबा म्हणाले. तिचाच आनंद, तिच्याच सुरात.

"बघा, त्यांनाही पटलंय," ती मला म्हणाली. तिने पिशवीतून कागद काढले, मांडीवर ठेवले. मी समोरच्या खुर्चीत होते.

बाबांची मान कलली.

माझा हात सवयीने फोनकडे गेला. मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि पहिल्या अक्षराची वाट बघू लागले.

"जरा सरक," बाबा म्हणाले.

वहिनी सरकली. विचार न करता, फोन बघत असताना शेजारी कोणी येऊन बसलं की आपण सरकतो तशी. सोफ्याच्या मधल्या गादीवरून पलीकडच्या टोकाला. मग ती जागच्या जागी थांबली.

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही म्हणालात?"

मी मान हलवली.

तिच्या आणि बाबांच्या मधे आता एक माणूस बसेल एवढी जागा होती. दोघी तिकडे बघत होतो. गादीवर ऊन नव्हतं, सावलीच होती. काहीच नव्हतं तिथे.

बाबा ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला फार ओळखीचं काहीतरी दिसलं. दादा सुट्टीवर यायचा आणि जहाजावरच्या गोष्टी सांगायचा तेव्हा ते असे ऐकायचे.

"सही करून टाक," बाबा म्हणाले.

खाली कोणीतरी गाडी सुरू केली, ती निघून गेली.

वहिनीने मांडीवरचे कागद दोन्ही हातांनी धरून ठेवले होते. तिला रडू येईल असं मला वाटलं. आलं नाही. मला उठून तिच्याजवळ जायचं होतं, पण जायचं तर मला त्या मधल्या जागेवर बसावं लागलं असतं, आणि मी उठले नाही.

ती बाबांकडे बघत नव्हती. ती त्या रिकाम्या गादीकडे बघत होती. अगदी हलक्या आवाजात तिने विचारलं, "नक्की?"

बाबांनी लगेच मागून म्हणायला हवं होतं. ते कधीच थांबत नाहीत. कानावर पडलं की तोंडातून जातं. पण ते गप्प राहिले, मान तशीच कललेली ठेवून.

मग ते म्हणाले, "नक्की."

तिचा प्रश्न होता. बाबांच्या सुरात प्रश्न नव्हता.

वहिनीने हात पुढे केला. मी पर्समधून वर्गातलं पेन काढून तिच्या हातात दिलं. तिने कागद गुडघ्यावर सरळ केले, शेवटचं पान काढलं, तळाशी फुली मारलेली जागा शोधली.

आणि पेन टेकवायच्या आधी, मान वर न करता, ती सोफ्याच्या कडेकडे आणखी थोडी सरकली.